दगडात कोरलेली पत

एखादी पेढी भरवशाची की नाही, हे आपला व्यापारी गादीवर बसलेल्या माणसाकडे पाहून ठरवीत आला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या बँकवाल्यांनी हेच काम इमारतीवर सोपविले. बिशप्सगेट रस्त्यावर १८६५ साली उभी राहिलेली नॅशनल प्रोव्हिन्शियल बँकेची इमारत हा त्याचा नामी नमुना होय.

या बँकेची गंमत अशी की, १८३३ साली ती निघाली, तिचे मुख्य ऑफिस लंडनलाच होते; पण लंडनमध्ये एका पौंडाची ठेव घेण्याची तिला मुभा नव्हती! कारण ती स्वतःच्या नोटा काढीत असे, आणि तशा भागभांडवली बँकेला राजधानीपासून ६५ मैलांच्या आत धंदा करण्यास कायद्याने बंदी होती. १८६६ साली तिने नोटांवर पाणी सोडले आणि लंडनच्या गिऱ्हाइकाला दार उघडले. नोटा काढणे म्हणजे जवळजवळ बिनव्याजी भांडवल. ते सोडून आलेल्या बँकेला नव्या बाजारात आपले वजन दाखविणे भागच होते.

वास्तुशिल्पी जॉन गिब्सन यांनी युक्ती केली ती अशी, की शहरातील अत्यंत महागड्या जागेवर मजल्यांवर मजले न चढवता एकच उंच दालन बांधले. जागा अशी 'वाया' घालवणे यातच श्रीमंती दिसते, हे दुकानदारांना सांगायला नको. बाहेर कमानदार खिडक्या, मधून पानांच्या नक्षीचे कॉरिंथियन खांब, माथ्यावर पुतळ्यांची रांग. आत उजेड येतो तो छतावरच्या काचेच्या घुमटांतून. नाणी मोजायला आणि सह्या ताडून पाहायला असा उजेड फार सोयीचा.

खिडक्यांच्या वर कोरीव शिल्पपट्ट आहेत. त्यांत शेती, व्यापार, जहाजबांधणी, खाणकाम, कारखानदारी असे विषय आहेत. बँकेने कारागिराला असे कपाळावर बसविलेले पाहून आम्हाला बरे वाटले. मात्र त्यातल्या कितीजणांना आत कर्ज मिळाले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

आणि नुसत्या दर्शनी भागावर पत टिकते म्हणावे, तर त्याच १८६६ च्या ११ मे रोजी लंडनभर हाहाकार उडाला होता. जवळच्याच लोंबार्ड स्ट्रीटवरील ओव्हरेंड गर्नी या नामांकित पेढीने आदल्या दिवशी दार लावले होते. देणे होते सुमारे १ कोटी १० लाख पौंड. इकडे मुंबईतही कापसाचा सट्टा कोसळला होता. सरकारी भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा १८६८ साली गुंडाळावी लागली.

बिशप्सगेटची बँक मात्र तगली. १९७० साली ती नॅशनल वेस्टमिन्स्टरमध्ये विलीन झाली. जुनी इमारत पाडण्याचा बेत बारगळला. तिच्या पाठीमागे १८३ मीटर उंचीचा मनोरा उठला, तो १९८१ साली खुला झाला. जुन्या दालनाला 'गिब्सन हॉल' हे नाव मिळाले, आणि जेथे कारकून रोकड मोजीत तेथे भाड्याने मेजवान्या होऊ लागल्या.