‘व्हेजच आहे, सगळ्यांना चालेल’ आणि भुताच्या पार्टीतले इतर गैरसमज

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हॅलोवीनचा मेसेज फिरू लागतो. मुलांनी काळे कपडे घालून यावं, माणशी अमुक वर्गणी, वेळ रात्री आठची, खाणं प्युअर व्हेज. मग मेनू येतो: उकडलेल्या बटाट्याची भुतं, मश्रूमच्या कवट्या, बीटच्या ‘रक्तात’ बुडवलेली गाजराची बोटं, गार्लिक ब्रेडची हाडं. आणि शेवटी कुणीतरी हमखास लिहितं, ‘व्हेजच आहे, सगळ्यांना चालेल.’

नाही चालत. या यादीतला एकही पदार्थ भाईंदर पश्चिमेतल्या, बावन जिनालयाच्या आसपासच्या कितीतरी घरांतलं मूल तोंडात घालू शकत नाही. बटाटा, बीट, गाजर, लसूण हे सगळं जमिनीखालचं. मश्रूम तर बुरशी. ज्या शहरात जैन शेजारी बहुतेक प्रत्येक इमारतीत आहेत, तिथे दरवर्षी हाच मेनू तितक्याच आत्मविश्वासाने पाठवला जातो, याचा मला मनापासून राग येतो. स्टेशनबाहेरचा पावभाजीवाला ऑर्डर घेताना ‘रेग्युलर की जैन?’ असं न चुकता विचारतो. सोसायटीची कमिटी विचारत नाही.

गैरसमजाचं मूळ बहुधा पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात आहे. तो ठिपका काय सांगतो ते नीट समजून घेऊ. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे मांस, मासे, अंडी किंवा प्राण्यापासून मिळालेला कोणताही घटक असेल, तर तो पदार्थ मांसाहारी. दूध, दुधाचे पदार्थ वगैरे त्यातून वगळलेले. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे, २०२० च्या लेबलच्या नियमांनी तिथे तपकिरी त्रिकोण आणला. हिरव्या ठिपक्याचा अर्थ इथे संपतो. कांदा आहे की नाही, कंद आहे की नाही, हे तो सांगत नाही. त्याने ते सांगावं अशी अपेक्षाही नाही. बटाट्याच्या वेफर्सवर हिरवा ठिपका असतो, मश्रूम सूपच्या पाकिटावरही असतो.

आता कंदमुळांचं कारण. जैन विचारात कंद ‘अनंतकाय’ मानले जातात: एका कंदात एकच जीव नसून अनंत जीव राहतात. शिवाय कंद काढायचा म्हणजे झाड मुळासकट उपटायचं, आणि मातीतले जीवही त्यात मरतात. दोडक्याचा वेल दोडका तोडल्यावर जगतो, मुळ्याचं रोप मुळा काढल्यावर जगत नाही. हे पटो न पटो, पाळणाऱ्याच्या लेखी तो रोजच्या अहिंसेचा भाग आहे. ‘मुलाच्या आवडीनिवडी’ म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. जैनांचा चातुर्मास आषाढी चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो, आणि ही पौर्णिमा जवळपास नेहमी नोव्हेंबरात येते. म्हणजे ३१ ऑक्टोबरला चातुर्मास चालूच असतो. या काळात अनेक घरांत पालेभाज्या बंद असतात, कारण पावसाळ्यात पानांवर बारीक जीव फार. पालकाच्या हिरव्या ‘चेटकिणी पुऱ्या’ आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर, दोन्ही बाद. गाजर काढून पालक घातला की प्रश्न सुटला, असं समजणारे इथे अडखळतात.

तिसरी गोष्ट घड्याळाची. बरीच कुटुंबं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. ३१ ऑक्टोबरला मुंबई परिसरात सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो. आठ वाजता ताटली पुढे केली, तर ती कितीही ‘जैन’ असली तरी त्या मुलाच्या उपयोगाची नाही. भुताची पार्टी अंधारातच हवी हे कबूल, पण अंधार खेळांना लागतो, खाण्याला नाही. पाच ते सहा खाणं आणि त्यानंतर दिवे मालवून खेळ, एवढा बदल पुरतो.

चौथी गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि या पार्टीत सगळ्यात महत्त्वाची तीच. पदार्थाचा आकार. अनेक जैन घरांत माणसाच्या किंवा प्राण्याच्या आकाराचं काही खात नाहीत, मग ते साखरेचं असो, पिठाचं असो की भाजीचं. यामागे जुनी कथा आहे. राजा यशोधराची आई त्याला कोंबड्याचा बळी द्यायला सांगते. तो हिंसेला तयार नसतो, म्हणून तडजोड निघते आणि पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. खरा जीव गेलेला नसतो, तरी मारण्याचा भाव मनात होता म्हणून मायलेकांना पुढचे कित्येक जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत काढावे लागतात. सोमदेवसूरीने इ. स. ९५९ मध्ये लिहिलेल्या ‘यशस्तिलक’ या संस्कृत ग्रंथाचा विषय हीच कथा आहे, आणि प्राकृत-अपभ्रंशापासून पुढे अनेक जैन कवींनी ती पुन्हा पुन्हा सांगितली. ही कथा ऐकत वाढलेल्या आजीसमोर तुम्ही बदामाचं नख लावलेलं बोट ठेवता आणि म्हणता, ‘खा आजी, व्हेज आहे.’ तिला काय वाटत असेल?

‘मग बोटं नको, भुतं करू, भूत काही जिवंत नसतं’ ही पळवाटही चालत नाही. जैन विश्वरचनेत व्यंतर देवांचे आठ प्रकार सांगितले आहेत: किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत आणि पिशाच. म्हणजे भूतही देवयोनीत जन्मलेला जीवच.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी शांतपणे ऐकून घेते: पार्टी सगळ्यांची, मग मूठभर घरांसाठी सगळ्यांनी का बदलायचं? वर्गणी सगळ्यांकडून घेतली आहे, म्हणून. आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला वेगळ्या टेबलावर नेऊन त्याच्या हातात केळ्याच्या वेफर्सचं पाकीट देणं म्हणजे सोय नव्हे, त्याला बाजूला काढणं आहे. उलट टोकाचा गैरसमजही तितकाच चुकीचा, की सगळे जैन हे सगळं पाळतात. कुणी बटाटा खातात, कुणी फक्त चातुर्मासात सोडतात, कुणी रात्री जेवतात. वैष्णव आणि स्वामिनारायण पंथाच्या घरांत कांदा-लसूण नको, पण बटाटा चालतो. अंदाज बांधू नये, विचारावं.

आणि हे सगळं सांभाळून ताटली भीतिदायक होते का? होते, आणि चांगली होते. भीती वाटायला अवयव लागत नाहीत. आपल्या भुताच्या गोष्टीतलं भूत शेवटी एकदाच दिसतं. त्याआधी पडका वाडा असतो, एका खिडकीतला दिवा, विहीर, पौर्णिमा. तेच रांधायचं.

वाड्यासाठी कच्ची केळी घ्या. सालासकट कुकरला दोन शिट्ट्या, सोलून किसायची, त्यात मीठ, तिखट, जिरेपूड, आमचूर आणि बांधायला थोडं तांदळाचं पीठ. बोटभर जाडीच्या चौकोनी टिक्क्या करून काळ्या तिळात घोळवायच्या आणि तव्यावर तेल सोडून परतायच्या. वरून मक्याचे एक-दोन दाणे दाबले की काळ्या भिंतीत पेटलेली खिडकी दिसते. पौर्णिमेसाठी लाल भोपळ्याचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप, वाटीने गोल कापलेले. त्यांना मीठ, तिखट, हळद लावून, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस होईपर्यंत ठेवायचे. वाळवलेली हळद आणि सुंठ बहुतेक जैन घरांत चालते, ओली हळद आणि आलं नाही.

विहीर दुधीची. कोवळ्या दुधीचे दोन इंची तुकडे, बूड शिल्लक ठेवून चमच्याने कोरायचे आणि मऊ पडू न देता वाफवायचे. आत लाल पाणी हवं, आणि बीट तर नाही. कोकणातल्या आमसुलाइतका चांगला लाल रंग मला दुसरा माहीत नाही. दहा-बारा आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची, गाळलेल्या पाण्यात गूळ, मीठ, जिरेपूड, लाल तिखट घालून उकळायचं आणि तांदळाची पिठी कालवून दाट करायचं. आमसुलातला रंग अँथोसायनिन जातीचा आहे; आंबटपणात तो लाल राहतो आणि आमसूल आंबट असतंच, म्हणून उकळल्यावरही लाली टिकते. खायचा सोडा तेवढा लांब ठेवा, त्याने तो निळसर आणि मळकट होतो. याला रक्त म्हणू नका. विहिरीतलं लाल पाणी म्हटलं तरी मुलं पुरेशी दचकतात.

सोबत तीळ आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची काळी चटणी पसरून तिच्यावर ओल्या नारळाच्या पांढऱ्या चटणीने जाळं काढा, कोळी न काढता. दह्याची रेघ सोपी वाटते, पण ताटलीत कुठे कडधान्य असेल, तर त्याबरोबर कच्चं दही अनेक जैन खात नाहीत. त्याला ते द्विदळ म्हणतात. आणखी एक, तळणाचं. ज्या तेलात बटाटावडा गेला, त्यातून काढलेलं दुसरं काहीही अनेकांना चालत नाही. म्हणून कंद नसलेलं आधी तळावं आणि कांदाभजी हवीच असेल तर ती शेवटी.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

उत्तन-डोंगरीचे ख्रिस्ती लोक हॅलोवीन ‘पाळतात’ असं खुशाल सांगितलं जातं. चर्चच्या दिनदर्शिकेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी लोक दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या लावतात आणि प्रार्थना करतात. त्याचा मुखवट्यांशी संबंध नाही.

भोपळा कोरण्याची प्रथा मुळापासून भोपळ्याचीच, हेही खरं नाही. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करत. तिथले लोक अमेरिकेत गेले आणि तिथे भोपळा हाती आला. आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच, कोहळा आणि दुधी मात्र इकडचे जुने रहिवासी. बाईने अखंड भोपळा चिरू नये, या समजुतीला काहीही आधार नाही.

काळ्या रंगासाठी कोळशाची पावडर म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घातली की पोट साफ होतं, असं सांगणाऱ्यांनी थांबावं. विषबाधेत डॉक्टर ती देतात, कारण ती पोटातली रसायनं धरून ठेवते. त्याच गुणामुळे ती तुमच्या रोजच्या गोळीचं औषधही धरून ठेवू शकते. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये हॉटेलांतल्या पदार्थांत ती घालायला मनाई केली. काळे तीळ असताना तिची गरज नाही.

‘फूड कलर’ लिहिलेला रंग कितीही घातला तरी चालतो, हा समज घातक आहे. भारतात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि साधारणपणे किलोला १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. घरच्या ओट्यावर ते मोजणार कोण? कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती तपासणीत असुरक्षित रंग सापडले म्हणून. परदेशातून आणलेल्या सॉस-गोळ्यांवर ‘कार्मिन’ किंवा १२० हा आकडा असेल, तर तो लाल रंग किड्यांपासून काढलेला असतो. ते व्हेजसुद्धा नाही.

आणि व्हेज खाणं बाहेर राहिलं तरी बिघडत नाही, हे तर साफ खोटं. शिजवलेला भात, उकडलेली केळी, पनीर, नारळाची चटणी यांत जिवाणू झपाट्याने वाढतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये दुपारचा पारा ३२ च्या वर जाणं नेहमीचं. चटणी वाढायच्या वेळीच फ्रिजमधून काढा.

कमिटीतल्या मंडळींना एवढीच विनंती आहे. यंदा मेनू पाठवण्याआधी ग्रुपवर चार प्रश्न टाका: तुमच्याकडे कंदमुळं चालतात का, पालेभाजी चालते का, मूल किती वाजेपर्यंत खातं, आणि कोणत्या आकाराचं खाणं चालत नाही. उत्तरं आली की मगच बाजाराची यादी करा.