मिरज लाइनवरचा कॅम्प

सांगली-मिरजेकडं लग्न ठरलं की बस्ता बांधायला कोल्हापूरजवळचं गांधीनगर गाठायचं, हे ठरलेलं. गादीवर बैठक मारायची. साड्यांच्या घड्या उलगडत जातात, मानपानाच्या वेगळ्या, आहेराच्या वेगळ्या, आणि नवरीचा शालू सगळ्यांत शेवटी. चहा येतो, घासाघीस होते, गठ्ठे बांधले जातात. ज्या जमिनीवर ही बैठक भरते, तिथं १९४३ साली पोलंडमधून परागंदा झालेल्या बायकामुलांच्या बराकी उभ्या राहिल्या होत्या. वळिवड्याचा कॅम्प तो हाच.

ही माणसं आली कुठून? सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. १९४० आणि ४१ मध्ये लाखो लोकांना घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं. पुढं जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा त्यांची सुटका झाली. पुरुष सैन्यात भरती झाले. बायका, मुलं, म्हातारी माणसं १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडली आणि त्यांतली सुमारे पाच हजार कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या काठी वसली. शाळा, चर्च, नाटकाचा रंगमंच, बालवीरांची पथकं, सगळं त्यांनी उभं केलं. घर नव्हतं, पण घराची घडी बसवली.

मला सर्वांत जास्त अडवून धरतो तो रेल्वेचा मार्ग. तेव्हा मुंबईहून कोल्हापूरला यायचं तर पुण्यात गाडी बदलून मीटरगेजनं वाठार, कोरेगाव, कराड करत मिरज गाठायचं आणि तिथून वळिवडे. त्याच लाइनवर कराडजवळ शेणोलीला ७ जून १९४३ रोजी जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेतल्या साथीदारांनी सरकारी पगाराची गाडी लुटली. २४ जुलैला वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या झटापटीत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना वीरमरण आलं. सांगलीचा बराचसा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता आणि तिथल्या गावोगावी प्रतिसरकार उभं राहत होतं. एकीकडं राज्यकर्त्यांना हुसकावून लावण्यासाठी जिवावर उदार झालेली पोरं, आणि त्याच रुळांवरून, त्याच वर्षी, त्याच राज्यकर्त्यांच्या दोस्तांची निराधार लेकरं येत होती. आपल्या इतिहासात या दोन गोष्टी एका पानावर येत नाहीत. त्या यायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

साताऱ्याचा धागा याहूनही जवळचा आहे. छातीच्या दुखण्यानं खंगलेल्यांना आणि अशक्त मुलांना वळिवड्याहून पाचगणीला पाठवत. सायबेरियात गोठलेली फुप्फुसं कृष्णेच्या खोऱ्यावरच्या हवेत मोकळी होत होती. मुंबईतल्या पोलिश वकिलातीचे प्रमुख बानासिन्स्की यांच्या पत्नी किरा यांनी या कामात स्वतःला झोकून दिलं. किराबाई पुढं भारतातच राहिल्या.

१९४८ पर्यंत पोलिश माणसं इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडं पांगली. मग फाळणीत सर्वस्व गमावलेले सिंधी त्याच बराकींत राहायला आले. एका निर्वासिताची चूल विझली आणि तिच्याच शेजारी दुसऱ्याची पेटली. गांधीनगर तेव्हा झालं. कापडाची बाजारपेठ या माणसांनी शून्यातून उभी केली. या कर्तबगारीविषयी आपण फार कमी बोललो आहोत.

पोलिश माणसांनी मात्र आठवणी जपल्या. लंडनमध्ये त्यांनी संघटना बांधली, जाडजूड ग्रंथ काढला. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे.

आपली बाजू तेवढी लिहायची राहिली. कॅम्पात दूध, भाजी, अंडी घेऊन जाणारे, तिथं काम केलेले, पोलिश पोरांबरोबर नदीत डुंबलेले. पोलिश मुलगी सून म्हणून आली, असं घर कोल्हापुरात आहे. या सगळ्या गोष्टी ओसरीवर सांगितल्या गेल्या आणि ओसरीबरोबर गेल्या. १९४३ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आता नव्वदी ओलांडून बसला आहे. वळिवडे, रुकडी, उचगाव, मिरज, कुणाच्याही घरात तो असेल. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.