जाड पाइप, जास्त पिकअप?

बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या ऐंशी फुटी रस्त्यावर शनिवारी रात्री थोडा वेळ उभं राहिलं, तर एखादी तरी पोलो जीटी अशी जाते की आवाजावरूनच कळतं, ही कंपनीतून निघाली तशी राहिलेली नाही. मालक बहुधा आयटीतला. आला असतो पुण्याहून नाहीतर कोल्हापूरहून. रीमॅप झाला, टर्बो मोठा बसला, की त्याच्या यादीत पुढची ओळ येते: पेट्रोलची लाइनही जाड टाकून घेऊ. ताकद वाढली म्हणजे पेट्रोल जास्त लागणार, म्हणून पाइप मोठी हवी. ऐकायला बिनतोड वाटतं. आकडे मांडले की मात्र त्यातला बराचसा जोर निघून जातो.

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एका हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ६ मिलिलिटर पेट्रोल पितं. पोलो जीटी टीएसआय २०१३ साली भारतात आली तेव्हा १०५ पीएसची होती. म्हणजे ताशी ३८ लिटरच्या आसपास. ती २०० हॉर्सपॉवरपर्यंत नेली तर ७२ लिटर. बऱ्याच गाड्यांत कंपनीची नायलॉनची लाइन बाहेरून ८ मिलिमीटर आणि आतून ६ मिलिमीटर असते. एवढ्याशा नळीतूनही ताशी ७२ लिटर पेट्रोल सेकंदाला पाऊण मीटरहून कमी वेगाने जातं, रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षा हळू. चार मीटर लांबीत दाब घटतो तो ०.०४ ते ०.०५ बार, आणि एवढी घट पंप सहज भरून काढतो.

मग पिकअप तुटतो कुठे? टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात टाकीतल्या पंपानंतर आणखी एक पंप असतो. तो कॅमशाफ्टवर चालतो आणि पेट्रोल शंभर बारच्या पुढे दाबतो. बहुतेक वेळा आधी दमतो तो हा. त्याच्यापुढची स्टीलची नळी काढून तिथे विणलेल्या जाळीची होज बसवावी असं कुणी सुचवलं, तर त्या गॅरेजमधून गाडी तशीच बाहेर काढावी. दुसरा संशयित वायरिंग. पंपाची क्षमता साधारणपणे साडेतेरा व्होल्टला मोजलेली असते. जुन्या बारीक वायरीतून पंपापर्यंत बाराच व्होल्ट पोहोचत असतील तर तो तेवढं पेट्रोल देतच नाही, आणि दोष जातो बिचाऱ्या पाइपच्या माथी. जाड वायर आणि वेगळा रिले हे काम होजच्या मानाने अगदी स्वस्त आहे. दाखवण्यासारखं मात्र नाही, त्यामुळे ते मागे राहतं.

ज्यांच्याकडे साधं पोर्ट इंजेक्शन आणि रिटर्न लाइन आहे त्यांचा हिशेब थोडा वेगळा. तिथे पंप जेवढं पेट्रोल ढकलतो तेवढं सगळं सतत फिरत राहतं. इंजिन हवं तेवढं घेतं, उरलेलं टाकीत परत जातं. त्यामुळे लाइनचं माप हॉर्सपॉवरवरून न ठरवता पंपावरून ठरवावं लागतं. ‘२५५’ या आकड्यानेच ओळखला जाणारा वालब्रोचा पंप ताशी साधारण २५५ लिटर देतो. डॅश-६ होजमधून, म्हणजे आतून पावणेनऊ मिलिमीटरच्या नळीतून, तो प्रवाह नेला तर चार मीटरमध्ये ०.०७ बारच्या आसपास दाब जातो; डॅश-८ घेतली तर ०.०२ बार. फरक ०.०५ बारचा. त्यातही रेग्युलेटर रेलच्या पुढे बसलेला असल्यामुळे इंजेक्टरला हा फरक कळतही नाही. तीनशे हॉर्सपॉवरपर्यंतच्या पेट्रोल गाडीला डॅश-६ ही चैनच म्हणायची.

उलट्या दिशेची चूक फार महाग पडते. अशा वेगाने वाहणाऱ्या पेट्रोलच्या दाबातली घट व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. तेवढाच प्रवाह निम्म्या व्यासाच्या नळीतून नेला तर तोटा दुप्पट न होता तीसपटीच्या आसपास जातो.

याच कारणाने रिटर्न लाइन ‘काय, परतच तर जायचंय’ म्हणून मिळेल ती टाकणं अंगाशी येतं. सोनी वर्ल्ड सिग्नलला गाडी नुसती धडधडत उभी असते तेव्हा इंजिन जवळजवळ काहीच पेट्रोल घेत नाही, पंपाचा सगळा लोंढा रिटर्नमधून जातो. ती नळी बारीक असेल तर रेग्युलेटर कितीही उघडला तरी दाब खाली येत नाही. मिश्रण जाड होतं, धूर येतो, आणि मॅपिंग करणारा आपला मॅप पुन्हा पुन्हा तपासत बसतो. खेचणाऱ्या बाजूचंही असंच. पंप टाकीबाहेर बसवला तर टाकी ते पंप हा तुकडा सगळ्यांत जाड आणि आखूड हवा, कारण तिथे पेट्रोलला ढकलायला फक्त हवेचा दाब असतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे तो दाबही इथे जेमतेम ०.९ बार. नळी बारीक असली की पेट्रोलचे आतल्या आत बुडबुडे होतात आणि पंप ओरडू लागतो.

या उंचीचा आणखी एक परिणाम आहे. हवा विरळ असल्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन इथे चेन्नईपेक्षा नऊ-दहा टक्के कमी हवा ओढतं आणि तेवढंच पेट्रोल कमी मागतं. कोरमंगलात काठावर पास झालेली इंधनव्यवस्था चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नापास होऊ शकते.

आता फिटिंगची मापं. डॅश-६ म्हणजे ६ मिलिमीटर, हा समज इतका पक्का आहे की त्यावरून जे. सी. रोडवरच्या दुकानांत चुकीचा माल सर्रास घेतला जातो. हा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात: डॅश-६ म्हणजे ६/१६ इंच, साडेनऊ मिलिमीटर, आणि तेही धातूच्या नळीचं बाहेरचं माप. अमेरिकेच्या सैन्य आणि नौदलाच्या जुन्या मानकांतून ही पद्धत आली. डॅश-६ चे आटे ९/१६ इंची, इंचाला १८. एम-१४ गुणिले १.५ चा नट त्याच्या शेजारी धरला तर डोळ्यांना फरक दिसत नाही: एक १४.३ मिलिमीटर, दुसरा १४. हाताने एखाद-दोन फेरे बसतातही, मग अडतात. पान्याने जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच.

त्याच आट्यांची ओ-रिंगवाली फिटिंगही मिळते. ती बसते, घट्ट होते आणि तरीही गळते, कारण एकीत गळती ३७ अंशांच्या उतारावर थांबते आणि दुसरीत रबरी रिंगवर. टेफलॉन टेप दोन्ही ठिकाणी निरुपयोगी. आटे तिथे फक्त धरून ठेवायला असतात. टेपचे तंतू मात्र सुटून इंजेक्टरपर्यंत पोहोचू शकतात. नळाच्या दुकानातली पितळी निपल हा तर जुगारच आहे. आपल्याकडचे पाव इंची बीएसपी आटे इंचाला १९ आणि ५५ अंशांचे, तर परदेशी रेग्युलेटरवरचे एनपीटी १८ आणि ६० अंशांचे.

शेवटी होज कशाची, हा प्रश्न मापाहून मोठा. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात झाली ती बेंगळुरूतच, इंडिया एनर्जी वीकमध्ये. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे त्याच ताकदीला निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के जास्त इंधन लागतं. एवढ्यासाठी पाइप बदलायची गरज नाही. जुनं रबर मात्र इथेनॉलने फुगतं नाहीतर कडक होऊन तडकतं. होजवर ‘जे३० आर६’ लिहिलेलं असेल तर ती कमी दाबाची, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. इंजेक्शनसाठी निदान ‘आर९’ हवी. टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्याला ‘आर१०’ लागते, कारण बाकीच्या होजचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी केलेलंच नसतं. वरून स्टीलची जाळी दिसते म्हणून आतली नळी चांगली, असंही नाही. टेफलॉनची नळी इथेनॉलला उत्तम, पण तिच्या फिटिंग वेगळ्या. रबरी होजच्या फिटिंगमध्ये ती घुसवली तर दाबाखाली निसटते, आणि समोर तापलेला टर्बो असतो.

लाइन खरंच अपुरी आहे का, हे तपासायला दोन गेज पुरतात. एक पंपाच्या तोंडाशी, दुसरा रेलवर. डायनोवर गाडी पूर्ण जोरात असताना दोन्हींत फरक ०.३ बारच्या पुढे गेला तर फिल्टर, बँजो बोल्टची बारीक भोकं आणि मग पाइप या क्रमाने शोध घ्यावा. दोन्ही आकडे एकदमच पडत असतील तर पाइपला हात लावायचं कारण नाही, पंप आणि त्याची वायरिंग बघावी.