सुईचें भय

मधुमेहाचें निदान आपल्याकडे फार जुनें आहे. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक ‘सहज’, म्हणजे जन्मतःच दोष घेऊन आलेला, व दुसरा ‘अपथ्यनिमित्तज’. पहिल्याचा रोगी बहुधा कृश असतो. दुसऱ्याचा स्थूल, बहुभोजी व बैठकीचा शोकी. आजचें वैद्यकहि, निराळ्या पायावर कां होईना, मुख्य प्रकार दोनच मानतें. निदान असें प्राचीन असतां खात्रीचा उपाय मात्र अवघा शंभर वर्षांचा आहे, आणि त्या उपायाविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून जें भय आढळतें त्याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

इ. स. १९२१ मध्यें कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजीं तो लिओनार्ड थॉम्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास टोचण्यांत आला. परंतु अर्क पुरेसा शुद्ध नसल्यानें गुण आला नाहीं. कॉलिप या रसायनज्ञानें तो अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीस पुन्हां टोचला, आणि मरणोन्मुख मुलगा सावरला. तत्पूर्वीं अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून कांहीं महिने जगविणें, एवढेंच वैद्यांच्या हातीं होतें. आजहि ‘सहज’ प्रकारच्या मुलांचें इन्शुलिन कोणाच्या सांगण्यावरून बंद करणें म्हणजे त्यांच्या जिवावर उठणें होय.

प्रौढ वयांत जडणाऱ्या मधुमेहाची गोष्ट निराळी. त्यांत प्रथम पथ्य, व्यायाम व गोळ्या यांवर भागतें. पण दहापंधरा वर्षें लोटलीं कीं रोगी म्हणतो, “पथ्य तेंच, गोळ्या त्याच, मग साखर कां चढते?” याचें उत्तर विहिरीच्या दृष्टांतानें देतां येईल. पुष्कळशा जुन्या गोळ्यांचें काम मोट अधिक जोरानें ओढण्याचें असतें. परंतु झराच आटत चालला तर मोट ओढून काय होणार? स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षें क्षीण होत जातात. ब्रिटनमधील एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांतहि औषध चालू असतां रोग हळूहळू वाढत जातो असेंच दिसून आलें. अर्थात् सुईची पाळी आली म्हणजे रोग्यानें पाप केलें किंवा वैद्य हरला असें मुळींच नव्हे.

आतां आक्षेप पाहूं. ‘एकदां लागली कीं सुटत नाहीं’ हा पहिला. इन्शुलिन हें व्यसन नसून शरीरांत जें कमी पडलें त्याची भरपाई आहे. चष्मा लागला तर डोळ्यांस त्याची ‘सवय लागली’ असें आपण म्हणत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, सुई घेणाऱ्यांचे डोळे व पाय जातात. आमच्या परिचयांतील एक वृद्ध गृहस्थ वैद्यांनीं सांगूनहि दोन वर्षें चालढकल करीत राहिले. पायाची जखम चिघळली तेव्हां सुई घेतली, पुढें दृष्टीहि अधू झाली. आणि आप्तांनीं दोष दिला तो सुईस! जी हानि विलंबानें झाली ती उपायाच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. तिसरा आक्षेप सोंवळ्याचा. पूर्वीं हें द्रव्य गाई व डुकरें यांच्या स्वादुपिंडांपासून निघत असे, हें खरें. परंतु १९८२ पासून जंतूंच्या साहाय्यानें बनविलेलें मानवी इन्शुलिन मिळूं लागलें, आणि आज सर्वत्र प्रचारांत आहे तें जंतु किंवा किण्व यांपासूनच केलेलें असतें. दुखण्याचें म्हणाल, तर हल्लींच्या पेनाची सुई चारसहा मिलिमीटरच लांब असते.

मात्र भय नको म्हणून निष्काळजीपणाहि नको. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत दर मिलिलिटरास ४० एकक असतात, तर पेनाच्या नळींत बहुधा १००. बाटलीवरचा व पिचकारीवरचा आंकडा एकच असला पाहिजे; नाहींतर मात्रा अडीचपट कमी किंवा अधिक जाते. न उघडलेली बाटली शीतकपाटांत ठेवावी, पण गोठूं देऊं नये. टोंचण्याची जागा रोज थोडी बदलावी, नाहींतर तेथें गांठ धरते व औषध नीट भिनत नाहीं.

सर्वांत जपावयाचें तें साखर उतरण्यास. १०० मिलिलिटर रक्तांत ती ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं घाम सुटतो, हात कांपतात, छाती धडधडते, बोलणें असंबद्ध होतें. अशा वेळीं रोगी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं रक्त पुन्हां तपासावें. बेशुद्धाच्या तोंडांत कांहींहि न घालतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

हा धोका कोणास अधिक, याचा विचार घरोघर व्हावयास हवा. गृहिणीस मधुमेह असला तर ती सुई घेते खरी, पण मग पोळ्या लाटते, पुरुषांस व मुलांस वाढते, देवाचा नैवेद्य दाखविते, आणि आपलें पान शेवटीं मांडते. जेवणाआधींचें औषध तासभर रिकाम्या पोटीं काम करीत असतें ! त्यांत एकादशी, चतुर्थी व श्रावणी सोमवार. उपासाच्या दिवशीं नेहमींची मात्रा घेऊन निराहार राहणें घातक. आणि निराहार नको म्हणून ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर साखर एकदम चढते. उपास करावयाचाच तर मात्रा आधीं वैद्यांस विचारून ठरवावी. आजारी, वृद्ध व गर्भिणी यांस व्रतनियमांत सवलत देण्याची आपली परंपराच आहे. तेव्हां ती घेण्यांत कमीपणा नाहीं.

म्हणून ज्या घरांत सुई सुरू झाली असेल त्या घरानें एवढें तरी करावें : जिला किंवा ज्याला औषध घ्यावयाचें त्याचें पान पहिल्या पंक्तीस मांडावें, साखरेचा डबा सर्वांस ठाऊक असावा, आणि पिचकारी भरण्यास घरांतील आणखी एकानें तरी शिकून ठेवावें.