सुखान्तासाठी दृष्टी कशाला?

प्रेमकथा अंध नायकाला जो न्याय देते, तो अंध नायिकेला देत नाही. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) रॉचेस्टरची दृष्टी गेलेली असतानाच जेन त्याच्याशी लग्न करते, एका डोळ्याला थोडे दिसू लागते ते संसार मांडल्यावर. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’मधला (१९८०) अनिरुद्ध अखेरपर्यंत अंधच राहतो. नायिका अंध असली की मात्र शस्त्रक्रिया आडवी येते. चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’मधली (१९३१) फुलवाली डोळस होते. ‘मॅग्निफिसंट ऑब्सेशन’ (१९५४) या चित्रपटातली विधवा हेलन आपले ओझे नको म्हणून प्रियकरापासून दूर निघून जाते आणि शेवटी त्याच्याच हातच्या शस्त्रक्रियेने तिला दिसू लागते. यामागे एक जुना हिशेब आहे: नवऱ्याची काळजी बायको घेईल, पण अंध बायको घर कसे सांभाळणार? उत्तर सापडत नाही, म्हणून लेखक तिचे अंधत्वच काढून टाकतो.

हा हिशेब कथेबाहेरही चालतो. अंध आणि बधिर असलेल्या हेलन केलर १९०४मध्ये पदवीधर झाल्या, पुस्तके लिहिली, व्याख्याने देत फिरल्या. तरी १९१६मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी पीटर फॅगन यांच्याशी लग्न ठरवले तेव्हा घरच्यांनी ते मोडले. एवढ्या कर्तबगार बाईलाही स्वतःचा जोडीदार निवडण्याचा अधिकार नव्हता. म्हणूनच मध्यमवयीन अंध नायिकेची कादंबरी मोलाची ठरते. पन्नाशीतल्या या बाईने स्वयंपाकघर, बँक, बस, नोकरी हे सगळे आपल्या पद्धतीने बसवलेले असते. तिला सांभाळणारा माणूस नको असतो. या बसवलेल्या घडीत दुसऱ्या माणसाला जागा द्यायची का, हे ती ठरवते, आणि कथेतला खरा पेच तोच असतो.

कुणी म्हणेल, दृष्टी परत मिळावी असे वाटण्यात गैर काय? काहीच नाही. मोतीबिंदूवर उपचार आहेत आणि ते वेळेवर मिळायलाच हवेत. पण काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. अशी दृष्टी गेलेल्या बाईने प्रेमाची आशा सोडायची का? प्रणयकथा हे स्वप्नरंजनच असते, असाही आक्षेप येईल. मान्य, पण मग अंध वाचक स्त्रीलाही, आहे तशी हवीहवीशी वाटण्याचे स्वप्न पाहू द्यावे. विल्की कॉलिन्सने ‘पुअर मिस फिंच’मध्ये (१८७२) ते दाखवले होते: ल्युसिलाला दृष्टी येते, पुन्हा जाते आणि ती अंधपणीच सुखाने संसार करते. दीडशे वर्षांपूर्वी जमलेली ही गोष्ट आजच्या लेखकांनी पन्नाशीच्या नायिकेसाठीही करून दाखवावी.