पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

शहाणपण कशास म्हणावे, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे पुष्कळ झालेला आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी केला आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी केला. अजाण मूर्खाची कीव येते. परंतु ज्यास कळते आणि वळत नाही, त्याची कथा अधिक शोचनीय होय. आम्हां व्यापाऱ्यांस या प्रश्नाचे उत्तर फार दूर शोधावयास नको. ते आपल्या खतावणीतच आहे. मुद्दल कोणते आणि उत्पन्न कोणते, हा भेद ज्यास वेळीच ओळखता येतो तो शहाणा. आणि मुद्दल मोडून खात असता त्यालाच जो नफा समजतो तो मूर्ख. ही व्याख्या साधी आहे, परंतु तिचा विसर पडल्यास सबंध तालुक्याची बाजारपेठ कशी हवालदिल होते, हे गोव्यातील डिचोलीने आपल्या डोळ्यांदेखत दाखविले आहे.

डिचोलीचा आणि व्यापाऱ्यांचा संबंध आजचा नव्हे. तालुक्यातील कुडणे येथे प्राचीन जैन मंदिराचे भग्नावशेष आहेत. नार्वे येथील जैनकोटही प्रसिद्ध आहे. ज्यांनी ही मंदिरे उभारली त्यांची वस्ती गेली, पेढ्या गेल्या, दगड तेवढे राहिले. व्यापार हा पाहुणा आहे, घरधनी नव्हे, ही शिकवण त्या भूमीत फार पूर्वीपासून पडून आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर येथील लोहखनिजास जपानच्या पोलाद-कारखान्यांची मागणी आली. खाणीतून ट्रकने नदीच्या धक्क्यावर आणि तेथून बार्जने मुरगाव बंदराकडे, असा मालाचा ओघ अखंड वाहू लागला. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनची मागणी एवढी वाढली की पूर्वी हलके म्हणून बाजूस टाकलेले खनिजही विकले जाऊ लागले. २०१०-११ या वर्षी गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. त्यात परराज्यांतून आलेल्या मालाचाही भाग होता. गावोगावी कर्ज काढून ट्रक घेतले गेले. गॅरेज, सुट्या भागांची दुकाने, खानावळी, किराणा, कापड, सोने, साऱ्यांचीच भरभराट झाली. त्याच वेळी शिरगावासारख्या गावात विहिरींचे पाणी खोल जात होते आणि शेतांत खाणीची माती उतरत होती. परंतु ती नोंद कोणाच्याच जमाखर्चात झाली नाही.

पुढे न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने खाणकाम थांबविले आणि ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्थगिती दिली. २०१४ साली काही अटींवर मार्ग मोकळा झाला. तथापि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि १५ मार्चनंतर खाणी पुन्हा शांत झाल्या. ट्रक दारात उभे राहिले; हप्ता मात्र उभा राहिला नाही. ज्या दुकानदारांनी चालू हंगामाच्या भरवशावर उधारी वाढविली होती, त्यांच्या वह्यांत आकडे राहिले आणि गल्ल्यात काही नाही.

या लोकांस मूर्ख म्हणून मोकळे होणे आम्हांस उद्धटपणाचे वाटते. ते आळशी नव्हते, लबाडही नव्हते. जे शेजाऱ्याने केले ते त्यांनी केले. पेढीने कर्ज देऊ केले ते त्यांनी घेतले. सबंध बाजार एका वाटेने धावत असता थांबून हिशेब विचारणारा मनुष्यच वेडा ठरतो. एकट्याने केलेला मूर्खपणा लवकर ध्यानात येतो. सर्वांनी मिळून केलेल्या मूर्खपणास मात्र तेजी असे नाव मिळते.

२१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्खननास दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतील दशांश रक्कम एका कायम निधीत, पुढील पिढ्यांकरिता, जमा करण्यास सांगितले. व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की, भूमीतील खनिज हे मुद्दल आहे. ते एकदाच विकता येते. जी गोष्ट आमच्या आजोबांनी आम्हांस दिवाळीच्या वहीपूजनाला सांगितली असती, ती सांगण्यास देशाचे सर्वोच्च न्यायासन लागले.

२०२२ च्या डिसेंबरात डिचोलीच्या खनिजखंडाचा लिलाव झाला आणि त्या तालुक्यात पुन्हा आशा उत्पन्न झाली. त्याच महिन्याच्या ११ तारखेस उत्तरेकडील पेडणे तालुक्यात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. ज्या पठारावर काजूची झाडे होती तेथे धावपट्टी आली, आणि मांद्रे, मोरजी, हरमलच्या किनाऱ्यापासून धारगळपर्यंत जमिनीस भाव चढला. डिचोलीचे मुद्दल भूमीच्या पोटात होते. पेडण्याचे मुद्दल ही भूमीच आहे. बागायत विकून आलेल्या रकमेतून मोटार घेणारा आणि त्याच रकमेच्या भरवशावर तिप्पट भाड्याचे दुकान मांडणारा, हे दोघेही डिचोलीचा धडा पहिल्या पानापासून पुन्हा गिरवीत आहेत.

मग शहाण्याने करावे तरी काय? उपासकदशांग सूत्रातील वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची गोष्ट आपल्या घरोघरी परिचित आहे. त्याचे चार कोटी सुवर्ण भांडारात, चार कोटी व्याजी आणि चार कोटी प्रपंचाच्या पसाऱ्यात होते. आणि यापलीकडे वाढवावयाचे नाही, अशी मर्यादा त्याने भगवान महावीरांसमक्ष स्वीकारली. त्यातील धर्मार्थ मोठा आहेच. परंतु व्यवहारार्थही लहान नाही. धन एका ठिकाणी ठेवू नये, आणि पुरे केव्हा म्हणावयाचे ते दिवस चांगले असतानाच ठरवून ठेवावे. पडत्या बाजारात घातलेली मर्यादा ही मर्यादा नसून लाचारी असते.

पेडण्यातील व डिचोलीतील आमच्या बंधूंस एवढीच विनंती की, येत्या पाडव्यास नवी वही उघडताना पहिल्या पानावर आपले मुद्दल लिहावे: जमीन, पाणी, पत आणि मुलांचे शिक्षण. वर्षअखेर त्यातील काही घटले असेल, तर नफ्याचा आकडा कितीही मोठा असो, ते वर्ष तोट्याचे समजावे. पुढच्यास ठेच लागली आहे. मागच्याने शहाणे व्हावयाचे की नाही, हे अद्याप त्याच्या हाती आहे.