सोळाव्या वर्षी 'बाद' झालेला मुलगा खेळला कुठे?



फुटबॉलवेड्या मुलांना जेमी वार्डी माहीत असतो. लेस्टर सिटीने २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली, त्यात त्याचे २४ गोल होते. पण मुलांना सांगावी अशी गोष्ट त्याच्या आधीची आहे.

वार्डी इंग्लंडमधल्या शेफील्डचा, जन्म १९८७ चा. तिथल्या शेफील्ड वेन्सडे या मोठ्या क्लबने त्याला सोळाच्या आसपास काढून टाकलं. कारण काय, तर अंगाने लहान! मग तो जवळच्या पोलाद कारखान्याच्या गावातल्या, स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबकडे गेला. मोठ्या संघात आल्यावर पगार आठवड्याला ३० पौंड. त्यावर घर कसं चालणार? म्हणून दिवसा तो रुग्णांच्या पायाला आधार देणारी साधनं बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा.

यालाच निम-व्यावसायिक खेळाडू म्हणतात. दिवसा नोकरी, आठवड्यातून एकदोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. खेळाचे पैसे मिळतात, पण पोट भरतं ते नोकरीवर.

आता इथली व्यवस्था नीट समजून घेऊया. इंग्लंडमध्ये वरच्या चार पातळ्यांवर ९२ क्लब आहेत. त्याखाली पाचवी, सहावी, सातवी, आठवी अशा पातळ्या उतरत जातात. जिंकणारा संघ वर चढतो, हरणारा खाली येतो. म्हणजे शिडी एकच, अगदी गावच्या मैदानापर्यंत. खालच्या सामन्यांनाही मोठ्या क्लबांची माणसं खेळाडू हेरायला येतात. वार्डी आठव्या पातळीवर होता. २०१० मध्ये हॅलिफॅक्स, २०११ मध्ये पाचव्या पातळीवरचा फ्लीटवूड. तिथे एका हंगामात लीगचे ३१ गोल! २०१२ मध्ये दुसऱ्या पातळीवरच्या लेस्टरने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

एक गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नका. २००७ मध्ये मारामारीच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला. कानाला यंत्र लावणाऱ्या मित्राची कुणी टिंगल केली म्हणून भांडलो, असं तो सांगतो. सहा महिने पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा आणि संध्याकाळी सहाच्या आत घरात! सामना सुरू व्हायचा तीन वाजता. दूरच्या गावी सामना असला की तासभर खेळून मैदान सोडायचं आणि आईवडिलांच्या गाडीत बसून घर गाठायचं. रागाची किंमत काय असते हे मुलांना यातून लगेच कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

लेस्टरमध्येही पहिला हंगाम वाईटच गेला. फुटबॉल सोडायचा विचार त्याच्या मनात आला होता, प्रशिक्षकांनी त्याला थांबवलं.

पालकांनी मात्र 'आपलाही वार्डी होईल' असा हिशोब मांडू नये. बहुतेक निम-व्यावसायिक खेळाडू आयुष्यभर तसेच राहतात. कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शिक्षक, आणि शनिवारी मैदानावर. इंग्लंडचा कर्णधार झालेला स्टुअर्ट पिअर्ससुद्धा आधी वेल्डस्टोन क्लबकडून खेळत इलेक्ट्रिशियनचं काम करायचा. त्यांचं खेळणं वाया गेलं असं मला तरी वाटत नाही.

वार्डीने पुढे अशाच खालच्या क्लबांतल्या खेळाडूंसाठी 'व्ही नाइन' अकादमी काढली. मोठ्या क्लबांच्या लोकांसमोर खेळून दाखवायची संधी तिथे मिळायची. त्यातल्या काहींना व्यावसायिक करारही मिळाले.